मंडळीच्या ग्रुपवर राजकारण : गप्प बसायचं, का बोलायचं, आणि बोलायचं तर कसं?

दोन_एकर_सोयाबीन
२ डिसेंबर २०२४, रात्री १०:१२

सलाम सगळ्यांना. लई दिवसांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमची मंडळी, म्हणजे चर्चची, जालना जिल्ह्यातली, गाव सांगत नाही कारण अर्धी मंडळी इथं वाचते आणि उरलेल्या अर्ध्यांना वाचून दाखवते.

घरं साधारण साठ. मे महिन्यात लोकसभा झाली तेव्हापासनं ग्रुपवर कुरबूर होतीच, विधानसभेला पार भडका उडाला. आमच्यात दोन साडू आहेत. थोरले रिटायर मास्तर, पास्ट्रेट कमिटीवर (चर्चचा कारभार बघणारी कमिटी), सगळे अण्णा म्हणतात. धाकटा शेती करतो. मतदानाच्या आधीच्या रविवारी अण्णांनी एका उमेदवाराला उपासना संपता संपता चर्चमधे आणलं. शाल झाली, नारळ झाला, दोन मिनिटं बोलतो म्हणून गडी अकरा मिनिटं बोलला, ते पण वेदीपुढं उभं राहून. संध्याकाळी धाकट्यानी ग्रुपवर कायतरी लिहिलं, अण्णांनी उत्तर दिलं, मग फॉरवर्ड, फॉरवर्डवर फॉरवर्ड, रात्री एक वाजेपर्यंत १४३ मेंबरचा ग्रुप ११९ वर आला.

काल पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. आमच्याकडं कठड्यापुढं रांगेत गुडघे टेकतात. नेमके दोघं साडू एकाच रांगेत आले. मधे एका माणसाची जागा सोडून टेकले, एकमेकांकडं बघितलं पण नाही. मागून एक आजी येत होत्या, त्यांना वाटलं पोरांनी आपल्यासाठीच जागा धरलीय, त्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवून मधे बसल्या. अर्धी मंडळी खाली मान घालून हसायली, पाळकसाहेब प्याला हातात घेऊन थांबलेले.

हसू आलं खरं, पण घरी येऊन जेवण गेलं नाही. तर प्रश्न असा की मंडळीत राजकारण बोलायचंच नाही का? का बोलायचं, पण कसं? तुमच्याकडं काय करतात?

मोसंबी
रात्री १०:३१

लोकसभा विधानसभा सोडा हो. आमच्याकडं पास्ट्रेट कमिटीच्या इलेक्शनला जे होतं त्यापुढं हे काहीच नाही. सेक्रेटरीच्या जागेसाठी मावसभाऊ मावसभावाच्या अंत्यविधीला गेला नाही.

डफवाला_दादा
रात्री १०:४४

कापणीच्या सणाचा लिलाव आठवला. गेल्या वर्षी आमच्यात एक कमळवाला आणि एक पंजावाला एका लाल भोपळ्यावर हट्टाला पेटले. भोपळा बाजारात चाळीस-पन्नासचा. शंभर, दोनशे, पाचशे, हजार करत २,७०० ला सुटला. ज्यानी घेतला त्याच्या बायकोनी तिथंच विचारलं, याचं आता काय करू? पाळकसाहेबांनी आभाराच्या प्रार्थनेत म्हणलं की प्रभू, अशी चुरस दरवर्षी राहू दे.

सांगायचा मुद्दा, फूट पडायचीच असंल तर दानपेटीत पडावी.

उस्मानाबादी_शेळी
रात्री १०:५०

दादा =)) =))

धागाकर्ते, एक शंका. मधे बसलेल्या आजीचा हात दोघांच्या डोक्यावर पडला, अर्धी मंडळी हसायली, जेवण गेलं नाही... तुम्हाला एवढं जवळून कसं काय दिसलं? धाकटा साडू तुम्हीच ना ओ?

वैजापूरची_पोर
रात्री ११:०५

जय ख्रिस्त. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे फादरनी सोपं काम केलं. ग्रुपला सेटिंगच लावलं, फक्त अ‍ॅडमिन लिहिणार. आता तिथं मिस्साची (उपासनेची) वेळ, वाढदिवस आणि मयताचे निरोप येतात, बाकी सामसूम. शांतता म्हणाल तर आहे, पण कब्रस्तानात असते तशी. भांडण बंद झालं नाही, दुसऱ्या ग्रुपवर गेलं. आता तीन ग्रुप आहेत आणि मी तिन्हीत आहे, कुणाला सांगू नका.

यात्रेला मात्र सगळे एका ट्रकमधे असतात. सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला जातो, वैजापूर सोडलं की गाणी सुरू, तिथं कुणी कुणाचा पक्ष विचारत नाही. आमच्या सासूबाई म्हणतात, ट्रकमधे बसायला जागा नसली की माणूस नीट वागतो.

पुस्तकी_किडा
३ डिसेंबर, सकाळी ७:२०

चांगला विषय. माझे दोन पैसे, जरा लांब होईल.

बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत नेमकं हेच चाललं होतं. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा, तिसरा म्हणतो मी केफाचा, म्हणजे पेत्राचा. पौल स्वतःच्या गटाचीही बाजू घेत नाही, उलट विचारतो की तुमच्यासाठी पौलाला वधस्तंभी दिलं होतं काय? आणि येशूच्या बारा जणांत बघा, मत्तय जकातदार, म्हणजे रोमी सत्तेच्या जकातीवर बसलेला माणूस, आणि शिमोन जिलोत, म्हणजे रोमला हाकला म्हणणाऱ्यांतला. आजच्या भाषेत एक सत्ताधाऱ्यांचा कंत्राटदार आणि एक आंदोलक, एका ताटात जेवायले.

आपल्याकडचंच उदाहरण हवं तर जालन्याजवळचं बेथेल. नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ ला ख्रिस्ती झाले, पुढे निजामाच्या राज्यात जमीन मिळवून बेथेल वसवलं आणि तिथं राहणारे बहुतेक मांग समाजातून आलेले. कुठला ब्राह्मण, कुठला मांग, त्या काळात एका विहिरीवर. त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं प्रकरण तर मुंबईत गाजलं. कोर्टाने पोर मिशनऱ्यांकडून वडलांच्या ताब्यात दिलं, मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मणांतच दोन तट पडले, बाळशास्त्री जांभेकर घ्यायच्या बाजूनं. म्हणजे फूट पडायला ख्रिस्तीच लागतात असं नाही, हे अवांतर झालं.

तिखट_मीठ
सकाळी ८:०२

किडाभाऊ, शिमोन आणि मत्तयचं हे दर प्रवचनात ऐकतो. पण 'जिलोत' म्हणजे तेव्हाच्या बंडखोर गटातलाच, का नुसता धर्माबद्दल आवेशी माणूस, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि दोघं एका ताटात जेवले पण काय बोलले ते कुठं लिहिलंय? मत्तयनी आधी जकातनाकं सोडलं, मग ताटावर बसला. हे कुणी सांगत नाही.

माझा मुद्दा सरळ आहे. 'चर्चमधे राजकारण नको' असं म्हणायला ज्याला परवडतं तोच म्हणतो. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश घ्या. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे असं त्यात ठरलं, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. माझा चुलतभाऊ बौद्ध, मी ख्रिस्ती, पणजोबा एक, वस्ती एक, गावानं दिलेली वागणूक एक. त्याला एससीचा दाखला, मला ओबीसीचा. रंगनाथ मिश्रा आयोगानी २००७ ला म्हणलं की धर्माची अट काढा, २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला, कोर्टातली केस २००४ पासून चालू आहे. माझ्या पोरीची फी हे राजकारण आहे का आत्मिक विषय आहे? एकी एकी म्हणून मला गप्प बसवायचं असेल तर ती एकी तुमच्याकडंच ठेवा.

मोसंबी
सकाळी ८:१५

+१ तिखट_मीठ. पण तुम्ही लिहिता तेव्हा मीठ कमी न् तिखट जास्त असतं.

तिखट_मीठ
सकाळी ८:१७

नाव बघूनच प्रतिसाद वाचायचा ना ताई.

नाथांच्या_गावचा
सकाळी ९:४०

मी ख्रिस्ती नाही, पैठणचा आहे, वारकरी घरातला. धागा आवडला म्हणून लिहितो. आमच्या दिंडीतपण आता आरक्षणावरून दोन तोंडं दोन दिशेला आहेत. २०२३ ला अंतरवालीत लाठीमार झाला त्यानंतर तर टाळ धरणारा आणि वीणा धरणारा एकमेकांशी बोलेनात. पण वीणा खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या गळ्यातच द्यावी लागते, आणि देताना एकमेकांच्या पाया पडावं लागतं. मग पडतात. तोंडं वाकडी करून, पण पडतात.

नाथांची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. गोदावरीतून अंघोळ करून येताना एकजण अंगावर थुंकायचा, नाथ परत जाऊन अंघोळ करायचे, असं एकशे आठ वेळा, रागावले नाहीत.

तिखट_मीठ
सकाळी ९:५२

दादा, गोष्ट चांगली आहे. पण प्रत्येक वेळी ज्याच्यावर थुंकलं त्यानंच अंघोळीला जायचं, हे कुठवर?

नाथांच्या_गावचा
सकाळी १०:१०

बरोबर आहे तुमचं. आमच्या महाराजांना विचारतो :)

जुना_करार_नवा_मोबाईल
सकाळी ११:२५

सगळे आपापल्या जागी बरोबर आहात पण अण्णासारख्या लोकांना लाज वाटायला पाहिजे, शाल बघितली की [संपादित] आणि असली माणसं कमिटीवर असल्यावर मंडळीची [संपादित].

अ‍ॅडमिन
सकाळी ११:४०

वरचा प्रतिसाद संपादित केला आहे. धाग्याचं नाव एकदा परत वाचा ही नम्र विनंती.

उस्मानाबादी_शेळी
सकाळी ११:४२

सौम्य बोलण्याच्या धाग्यावर पहिली कात्री पडली, टाळ्या.

आक्का_परभणी
दुपारी २:१५

नातू टाइप करून देतोय, मी सांगतेय.

तिखट_मीठ बाळा, तुझं बोलणं मला पटलं. मी १९७८ ला तेवीस वर्षांची होते, नुकतं लग्न झालेलं. २७ जुलैला विधानसभेत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात खेड्याखेड्यात दलित वस्त्या पेटल्या. आमचं घर मिशनच्या आवारात, आम्हाला कुणी हात लावला नाही. पलीकडच्या वस्तीतल्या बाया रात्री लेकरं घेऊन आवारात आल्या, माझ्या सासऱ्यांनी शाळेची खोली उघडून दिली, सासूबाईंनी पिठलं केलं, तेवढं केलं. पण रविवारी उपासनेत त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्या मंडळीत दोन्ही बाजूची घरं होती, पाटलाच्या वाड्यावर कामाला जाणारीपण होती न् वस्तीत सोयरिक असणारीपण. पाळकांनी पावसासाठी प्रार्थना केली. पाऊस चांगला चालू होता तेव्हा.

नंतर कितीतरी वर्षं आमच्याकडं अभिमानानं सांगायचे की त्या धामधुमीत आपली मंडळी फुटली नाही. फुटली नाही हे खरं आहे. त्या खोलीत झोपलेल्या बायांपैकी एक मला १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा बाजारात भेटली, पेढा दिला, आणि म्हणली, तुमच्या सासूबाईंचं पिठलं अजून आठवतं. पाळकसाहेबांचं काही म्हणली नाही.

आता अण्णाचं. उमेदवाराला वेदीपुढं उभं करायचं नव्हतं. पण धाकट्यानं काय लिहिलं ते धागाकर्त्यानं सांगितलंच नाही. 'कायतरी लिहिलं' म्हणजे काय लिहिलं?

आयटीतला_नांदेडकर
दुपारी ३:०५

आक्का, साष्टांग.

मी पुण्यात असतो, गावच्या ग्रुपवर फक्त वाचतो. एक गोष्ट बघितली, लोक स्वतःचं लिहिताना एवढे वाईट नसतात. आमचे काका स्वतः टाइप करतात तेव्हा 'माझ्या मते हे बरोबर नाही' एवढंच येतं, त्यातपण तीन चुका. तेच काका फॉरवर्ड टाकतात तेव्हा त्यात देशद्रोही, गुलाम, पाकीट, सगळं असतं आणि वर म्हणतात मी कुठं लिहिलंय, मला आलं तसं पाठवलं. मग आम्ही एक नियम सुचवला, राजकारणावर काय लिहायचं ते लिहा पण स्वतःच्या शब्दात, फॉरवर्ड बंद. पहिल्या आठवड्यात मेसेज दिवसाला साठ-सत्तरवरून चारवर आले. नंतर कळलं की बऱ्याच जणांना स्वतःचं असं काही म्हणायचंच नव्हतं.

मोसंबी
दुपारी ३:१२

हे भारी आहे. आमच्याकडं हा नियम लावला तर 'सुप्रभात'पण बंद होईल.

निवृत्त_पाळक
रात्री ८:३०

सर्वांना सलाम. पस्तीस वर्षं सेवा केली, मराठवाड्यातल्या पाच मंडळ्या पाहिल्या, म्हणून चार शब्द.

पहिलं, आक्कांनी जे सांगितलं ते मला लागलं, कारण त्या पाळकाच्या जागी मी असतो तर मीही पावसासाठीच प्रार्थना केली असती. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय. मी करायचो. मुख्यमंत्र्यांचं नाव घेतलं की डावीकडून आमेन यायचं, उजवीकडची मंडळी खोकायची. सरकार बदललं की खोकला डावीकडं जायचा. शेवटी मी नाव घ्यायचं सोडलं, नुसतं 'जे अधिकारावर आहेत ते' म्हणू लागलो. तेव्हा वाटलं शहाणपण केलं. आता वाटतं ती पळवाट होती.

दुसरं, लोक याकोबाचा तिसरा अध्याय काढतात, जीभ म्हणजे आग, म्हणून गप्प बसा म्हणतात. तिथं गप्प बसा म्हणलेलं नाही. लगामाचं उदाहरण दिलंय, घोडा बांधून ठेवण्यासाठी कुणी लगाम घालत नाही, चालवण्यासाठी घालतात. कलस्सैच्या पत्रात बोलण्यात मीठ असावं म्हणलंय, साखर नाही म्हणलेलं. अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौलानं तोंडावर विरोध केला, सगळ्यांदेखत. पण तोंडावर केला हे महत्त्वाचं. आणि पेत्र काय वागला ते सांगितलं, पेत्रानं किती पैसे घेतले असा तर्क लढवला नाही.

तिसरं, मत्तय अठरा. भावानं अपराध केला तर आधी तू आणि तो दोघंच असताना जा. मग एक-दोन जण घेऊन जा. मग मंडळीला सांग. आपण उलटं करतो, आधी १४३ जणांना सांगतो, मग दोन-तीन मध्यस्थ धावपळ करतात, आणि दोघं एकटे कधीच भेटत नाहीत.

पुलपिटाबद्दल, म्हणजे प्रवचनाच्या जागेबद्दल, माझं मत आक्कांसारखंच. उमेदवार मागच्या बाकावर बसून उपासना ऐकून गेला तर स्वागत आहे, मीच चहा पाजेन. वेदीपुढं नको. कुठल्याच पक्षाचा नको.

पुस्तकी_किडा
रात्री ८:५५

पाळकसाहेब, लगामाचं पहिल्यांदा असं ऐकलं.

एकीवर अजून एक. आमचे आजोबा सांगायचे, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एक होऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे आपलं सीएनआय झालं, तेव्हा ते गेले होते. बिशप असणारे आणि बिशप नको म्हणणारे, बाळाचा बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच देणारे, एका पंगतीत. बोलणी आधी चाळीस वर्षं चालली होती. चाळीस वर्षं! आपला ग्रुप चाळीस मिनिटांत फुटतो.

मोसंबी
रात्री ९:०१

आणि त्यानंतर जमिनीच्या केसा किती वर्षं चालल्या तेपण सांगा की.

पुस्तकी_किडा
रात्री ९:०३

चालू आहेत :(

डफवाला_दादा
रात्री ९:२०

आम्ही एकमेकाला भेटल्यावर काय म्हणायचं यावर एकमत नाही, केसा कुठं घेऊन बसलात. आमचे आजे 'सलाम' म्हणायचे. कॅथलिक पाहुणे 'जय ख्रिस्त'. नवीन प्रार्थनाघरवाले 'प्रेज द लॉर्ड', त्यातले जास्त आत्मिक ते 'शालोम'. वस्तीत 'जय भीम'. आता आमचा एक भाचा म्हणतो मामा सलाम म्हणू नका, मुसलमानासारखं वाटतं, जमाना खराब आहे. मी म्हणलं अरे शंभर वर्षांपासून म्हणतोय, आता जमान्याला वाटलं तर वाटू दे. तो 'नमस्कार' म्हणून गेला. सासुरवाडीला गेल्यावर 'राम राम' म्हणतो ते मला माहीत आहे.

वैजापूरची_पोर
रात्री ९:३३

डफवाले दादा, ट्रकमधे या. तिथं फक्त 'सरका जरा' म्हणतात.

दोन_एकर_सोयाबीन
४ डिसेंबर, रात्री ११:४८

आक्का, शेळीभाऊ, सांगतो. धाकटा मीच.

काय लिहिलं होतं तेपण सांगतो, नाहीतर धागा खोटा होईल. लिहिलं होतं, 'अण्णा, किती घेतले?' एवढंच, तीन शब्द. खाली हसणारे तीन चेहरे टाकले होते. त्यावर बावीस जणांनी अंगठा दिला, तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

अण्णा म्हणजे माझ्या लग्नात ज्यांनी मांडवाचे पैसे भरले ते. पोरगी आजारी होती तेव्हा रात्री दोनला मोटारसायकलवर जालन्याला घेऊन गेलेले. या माणसाला मी ११९ माणसांपुढं, म्हणजे तेव्हा १४३, असं विचारलं. पण वेदीपुढं उमेदवार आणला तो राग पण खराच होता, तो अजून आहे. पाळकसाहेब म्हणतात आधी एकटा जा. आता मतदान होऊन पंधरा दिवस झाले, आता एकटा जाऊन काय म्हणू? बायको म्हणते तिच्या बहिणीनं दोन आठवडे फोन उचलला नाही.

निवृत्त_पाळक
५ डिसेंबर, सकाळी ६:१०

लिहिलंत हे बरं केलंत. दोन गोष्टी वेगळ्या करा. उमेदवाराचा मुद्दा तुमचा आहे, तो सोडू नका, कमिटीपुढं लेखी मांडा. 'किती घेतले' हे तुम्हाला माहीत नव्हतं, ते मागं घ्या. एकाची माफी मागितली म्हणजे दुसराही सोडला असं होत नाही. आणि जे चारचौघांत बोललात त्याची माफी चारचौघांतच, एकट्यात भेटून आल्यावर.

तिखट_मीठ
सकाळी ७:४४

हे मला पटलं. आणि एक विचारा, त्यांनी उमेदवाराला का आणलं? खरंच विचारा, टोमणा म्हणून नाही.

उस्मानाबादी_शेळी
सकाळी ७:५०

तिखट_मीठ गोड बोलायलेत, आज पाऊस पडणार.

मोसंबी
२१ डिसेंबर, दुपारी १२:३०

धागा वर काढतेय. सोयाबीनभाऊ कुठं गेले? सोयाबीनला भाव नाही म्हणून रुसले का साडूनी बदडलं?

दोन_एकर_सोयाबीन
२६ डिसेंबर, रात्री १०:२०

नाताळच्या शुभेच्छा सगळ्यांना. भाव नाहीच, त्याचं काय सांगू.

एकटा जायची हिंमत झाली नाही. पण आमच्याकडं नाताळच्या आधी चार रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतात, न् ढोलकी माझ्याकडं असते, बारा वर्षांपासनं. २३ च्या रात्री सव्वा एकला अण्णांच्या दारात आलो. पोरांना म्हणलं मी बाहेर थांबतो, ढोलकी कुणीतरी धरा. कुणाला येईना. मग आत गेलो, अंगणात उभं राहून वाजवली, खाली बघून. अण्णा गोधडी पांघरून ओट्यावर बसले होते. गाणं संपल्यावर म्हणले, दुसऱ्या कडव्याला ठेका पळाला. म्हणलं, हो पळाला. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला, करंज्या दिल्या, मलापण. बाकीचे पुढच्या घरी गेले, मी ढोलकीची दोरी आवळायचं निमित्त करून मागं राहिलो.

तिखट_मीठ, तुमचा प्रश्न विचारला. अण्णा लगेच बोलले नाहीत. मग म्हणले, कबरस्तान बघितलंस का इतक्यात? तुझी सासू जिथं आहे तिथून पलीकडची दोन रांगा नांगरात गेलीत. बांध सरकत सरकत आलाय. कमिटीनी चार वर्षं अर्ज केले. आमदार निधीतून कंपाउंड होतंय असं त्या माणसानी म्हणलं, म्हणून आणला. पैसा घेतला नाही, चहासुद्धा मीच पाजला.

मला हे माहीतच नव्हतं. सासूच्या कबरीवर मी शेवटचा दोन वर्षांपूर्वी गेलोय.

मी म्हणलं, अण्णा ते लिहिलं ते चुकलं माझं. पण वेदीपुढं उभं करायला नव्हतं पाहिजे, बाहेर लिंबाखाली बोलला असता. अण्णा म्हणले लिंबाखाली बोलला असता तर निधी पण लिंबाखालीच राहिला असता. म्हणजे पटलेलं नाही त्यांना. मलापण त्यांचं पटलेलं नाही. काल उपासनेनंतर ग्रुपवर माफी लिहिली, स्वतःच्या शब्दात, नांदेडकरभाऊंच्या नियमाप्रमाणं. चौदा जणांनी अंगठा दिला. 'किती घेतले'ला बावीस होते.

आक्का_परभणी
२७ डिसेंबर, सकाळी ९:००

बावीस न् चौदा मोजत बसू नको. सासूच्या कबरीवर जाऊन ये.

पुस्तकी_किडा
सकाळी ९:२०

तो आमदार निवडून आला का पण?

दोन_एकर_सोयाबीन
सकाळी ९:२२

पडला.

उस्मानाबादी_शेळी
सकाळी ९:२३

=)) =)) =)) अण्णांची शाल वाया.

तिखट_मीठ
सकाळी ९:४०

हसण्यासारखं आहे पण कंपाउंडचं काय? जो निवडून आला त्याच्याकडं दोघं मिळून जा. आणि तलाठ्याकडून सातबारा काढा, मोजणीचा अर्ज टाका. कबरस्तानाची नोंद आहे का नाही ते आधी बघा, खूप ठिकाणी नोंदच नाही, आमच्याकडं नव्हती.

दोन_एकर_सोयाबीन
५ जानेवारी २०२५, संध्याकाळी ६:३५

आज परत पहिला रविवार होता. आजी आल्या नव्हत्या, थंडीनं गुडघा धरलाय. आम्ही कठड्यापुढं गेलो, मधली जागा या वेळी कुणी सोडली नाही आणि कुणी मुद्दाम भरलीपण नाही, गर्दीच होती.

दुपारी अण्णा टेप घेऊन आले, मोजणीच्या आधी आपल्याला अंदाज पाहिजे म्हणून कबरस्तानात गेलो. एक टोक अण्णांनी धरलं, एक मी. सासूची कबर लागली तिथं दोघं थांबलो, गवत काढलं. मग पुढं निघालो तर अण्णा तिकडून परत सुरू झाले की तुझ्या पक्षाच्या राज्यात हा बांध कसा काय सरकला ते सांग. मी इकडून म्हणलं, तुमच्याच पक्षाचा सरपंच होता. टेप लांब, त्यामुळं ओरडून बोलावं लागत होतं, बांधावरचा माणूस बैल थांबवून बघायला लागला.

डफवाला_दादा
संध्याकाळी ६:५०

मंडळीतली फूट मिटली का नाही ते नंतर बघू. कबरस्तान किती फूट भरलं ते सांग.

दोन_एकर_सोयाबीन
संध्याकाळी ६:५८

ओढ्याकडची बाजू एकशे अठ्ठ्याऐंशी. रस्त्याकडची राहिली, अण्णांचा चष्मा घरी होता.